शेवट तोंडाने सांगायचा नाही

पुस्तक कटरने कापणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्याच बँकेत, आमच्याच खात्यात होता. पुस्तकांवर त्याच्याइतका जीव असलेला दुसरा माणूसही मी पाहिलेला नाही.

पळसुले सर जाऊन आता वर्ष होईल. ठाण्याला, घरी, झोपेत गेले. त्यांच्या ओळखीच्या आम्ही काही जणांनी टोकियोजवळच्या उरायासुच्या कम्युनिटी हॉलमध्ये एक छोटी बैठक घेतली. तिथे गौरी साठेने सरांचा एक किस्सा सांगितला आणि "असे आमचे चोर सर!" म्हणून संपवला. सगळे हसले. बँकेतल्या आमच्या जुन्या सहकारी ओकादा-सान तिथे होत्या. त्यांना गौरीने तो जपानीत सांगितला, म्हणजे त्यांचाच किस्सा त्यांना सांगितला, आणि त्याही तोंडावर हात ठेवून हसल्या. मी गप्प राहिले, कारण ओकादा-सान समोर बसल्या होत्या.

तो किस्सा अर्धाच आहे. ओकादा-सान यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून उरलेला अर्धा मला इथे लिहिता येतो. गौरीला मराठी येतं. तिने वाचावं आणि गप्प बसावं.

'सर' म्हणायचं कारण साधं होतं. मुंबईत बँकेत लागल्यावर ट्रेनिंग सेंटरमध्ये त्यांनी आमच्या बॅचला शिकवलं होतं. पुढे मी टोकियो शाखेत आले तेव्हा ते आधीच तिथे होते, त्यांच्या दुसऱ्या पोस्टिंगवर. बुटके, अंगात बाराही महिने बिनबाह्यांचा स्वेटर, चष्मा नाकाच्या अगदी टोकावर. बायको ठाण्याला शाळेत मुख्याध्यापिका. शाळा सोडून यायला तयार नव्हत्या, त्यामुळे सर एकटे राहायचे. दुपारी वहिनींचा फोन यायचा. सर फोन कानाला न लावता टेबलावर ठेवून बोलत, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं.

"जेवलात?"

"जेवलो."

"आज कोणाचा खून झाला?"

"अजून कुणाचा नाही. पण आत्याबाई फार गोड बोलायला लागल्यात."

"मग आज-उद्यात होईल. दही खा," म्हणून वहिनी फोन ठेवत.

आमचं काम एल.सी.चे, म्हणजे परदेशी व्यापारात बँक देते त्या पैशांच्या हमीचे, कागद तपासण्याचं. माल जहाजावर चढला, विमा उतरवला, बिल झालं असं सांगणारे वेगवेगळ्या लोकांचे कागद येतात. ते एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं. जुळले नाहीत तर ती 'डिस्क्रेपन्सी'. सगळं जुळलं तर कागद 'क्लीन'. सर नवीन माणसाला पहिल्या दिवशी सांगत, "एकटा कागद कधी खोटं बोलत नाही. दुसरा कागद शेजारी ठेवा, मग बघा कसा घाम फुटतो त्याला."

कादंबऱ्याही ते अशाच वाचत. आणि वाचत फक्त एकाच जातीच्या: इंग्लंडात राणी व्हिक्टोरियाच्या काळात निघालेल्या, तेव्हा घरोघर वाचल्या गेलेल्या आणि नंतर सगळ्यांनी विसरून टाकलेल्या रहस्यकथा. थोरामोठ्यांच्या नव्हेत. दुय्यम, तिय्यम. हा नाद कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी लागला. सर तिथे तरुणपणी बँकेच्या शाखेत होते. गावच्या वाचनालयात इंग्रजी पुस्तकांचं एक कपाट होतं, कुणा साहेबाने जाताना टाकून दिलेलं. संध्याकाळी करायला काही नाही, म्हणून सरांनी ते कपाट वाचून काढलं. त्यातल्या निम्म्या पुस्तकांचे शेवट वाळवीने खाल्लेले होते.

"मग हो?" मी विचारलं होतं.

"मग काय? रात्रभर जागायचं आणि वाळवीला शिव्या द्यायच्या. त्यापेक्षा चांगलं शिक्षण मला पुढे कुठे मिळालं नाही."

आता कापण्याबद्दल.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत सरांनी टोकियोतल्या कांदा नावाच्या भागातून, जुन्या पुस्तकांच्या बाजारातून आणलेलं एक जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलं, ड्रॉवरमधून कटर काढला आणि पुस्तकाच्या पाठीत घातला. शेजारच्या टेबलावर ओकादा-सान होत्या. त्या आमच्या शाखेतल्या सगळ्यांत जुन्या. शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी वाचायच्या, आणि वाचनालयाच्या पुस्तकाला हात लावण्याआधी हात धुवायच्या. त्यांच्या तोंडून इतका मोठा आवाज निघाला की शाखाप्रमुख केबिनबाहेर आले.

"पळसुले-सान! काय करताय?"

"माहेरी पाठवतोय," सर म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. ह्या कादंबऱ्या पुस्तक म्हणून जन्मल्याच नाहीत. त्या आल्या तुकड्यातुकड्यांनी, आठवड्याला नाहीतर महिन्याला एक भाग. लोक दुकानाबाहेर पुढच्या भागाची वाट बघत. त्यातूनच लेखकांना कळलं की प्रकरण कुठे तोडायचं: दार उघडलं, आत कोण आहे ते दिसलं, आणि बस, पुढच्या महिन्यात या. पुढे पुस्तकं झाली ती तीन-तीन खंडांची, आणि वर्गणीदार वाचनालयं एका वेळी एकच खंड घरी नेऊ देत. तुमच्या हातात पहिला खंड, तिसरा शेजारणीकडे. भेटली की तिचा चेहरा वाचायचा. मग आगगाडी आली आणि स्टेशनावर स्वस्त पिवळ्या पुठ्ठ्यातली पुस्तकं विकायला आली, प्रवासात वाचून टाकण्यासाठी.

"एवढा लांबचा प्रवास आपणही रोज करतो," सर म्हणाले, "आणि तोझाई लाइनच्या गच्च गाडीत सकाळी जाडं पुस्तक उघडून दाखवा मला."

ह्या शेवटच्या मुद्द्यावर मात्र ओकादा-सानही विचारात पडल्या.

सर अक्षरांना इजा करत नसत. पुस्तक फर्म्याफर्म्याने, म्हणजे दुमडलेल्या पानांच्या जुड्यांनी, शिवलेलं असतं. दोन फर्म्यांमधला दोरा तेवढा ते कापत. मग एकेका भागाला पिवळ्या कार्डशीटचं कव्हर, दोन पिना, आणि झाला भाग तयार. एका हातात मावेल असा. दुसरा हात कडीला.

त्यातून आमची साखळी सुरू झाली. पहिला वाचक मी, कारण मी झटपट वाचते आणि मला ह्या कादंबऱ्यांचं वेड नाही, म्हणून माझ्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, असं सरांचं म्हणणं. माझ्यानंतर गौरी. माझ्या शेजारच्या इमारतीत राहायची, नवरा आयटीत, पदरी लहान मुलगा, आणि बोलणं सतत चालू. गौरीकडून भाग माझ्याबरोबर ऑफिसात यायचा, ओकादा-सान यांच्याकडे. सगळ्यांत शेवटी सर. पुस्तक त्यांचं, पैसे त्यांचे, पण वाचायचे ते सगळ्यांच्या मागून. कापताना पुढचं एक वाक्यही ते वाचत नसत. नजर दोऱ्यावर.

नियम एकच होता. शेवट तोंडाने सांगायचा नाही. पुस्तक संपलं तरी नाही, कधीच नाही. "शेवट ही ज्याची त्याने कमावायची गोष्ट आहे," सर म्हणत. बाकी सगळ्यावर वाटेल तेवढं भांडा.

आणि आम्ही भांडायचो. रविवारी गौरीकडे पोहे, चहा आणि भांडण. गौरीची एक कायमची तक्रार असे.

"सर, तुमच्या ह्या गोष्टीत पोलीस येतो तो इतका बावळट का? शेवटी काहीच करत नाही."

"कारण त्याला घरात घेतच नाहीत, गौरी. पुढच्या दाराने आला तर बटलर म्हणतो मागच्या दाराने ये. प्रतिष्ठित घर. खून झालेला चालेल, पण गावात बोभाटा नको. त्याआधीच्या गोष्टींत भुतं परदेशातल्या किल्ल्यांत असायची. ह्या लोकांनी ती आणून दिवाणखान्यात बसवली. म्हणून तर मोठमोठे टीकाकार ओरडत होते, की ही पुस्तकं बायकांच्या आणि नोकरांच्या हातात देऊ नका."

"का?"

"कारण घरात काय चाललंय ते त्यांनाच माहीत असतं."

आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, इतक्यांदा की गौरीचा मुलगाही ते म्हणून दाखवायचा: "गुन्हा कुणी केला हे सोडा. माहीत असून गप्प कोण बसलं, ते शोधा. खरी गोष्ट ती."

हे नुसतं बोलणं नव्हतं. एकदा गौरीच्या इमारतीत कचऱ्याचा घोळ झाला. इथे प्रत्येक जातीच्या कचऱ्याला ठरलेला वार असतो, आणि आठवड्यातून एकदा तरी प्लास्टिक कचऱ्याची एक पिशवी चुकीच्या दिवशी बाहेर यायची, नगरपालिकेची माणसं तिच्यावर लाल स्टिकर लावून ती तिथेच सोडून जायची. इमारतीत चार घरं भारतीय. कुणी काही म्हटलं नाही, पण जिन्यात भेटल्यावर बायका गौरीकडे बघून जरा जास्तच वाकू लागल्या. गौरी संतापली.

"सर, तुम्ही डिटेक्टिव्ह ना? चला, शोधा."

सर रविवारी आले. पिशवी पारदर्शक असतेच. हात न लावता, पाठीमागे हात बांधून ते तिच्याभोवती फिरले.

"ट्रे धुतलेत," ते म्हणाले. "बाटल्यांची झाकणं आणि लेबलं वेगळी केलीत. हा माणूस बेफिकीर नाही. ह्याला नियम तुमच्यापेक्षा चांगले माहीत आहेत. फक्त आज वार कोणता, ते माहीत नाही."

गौरीच्या लक्षात आलं. तळमजल्यावर एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहत होते, पूर्वी शिक्षक होते.

"आता डिस्क्रेपन्सी बघा," सर पुढे म्हणाले. "पिशवी सकाळी बाहेर येते. संध्याकाळी कुठे जाते?"

"नसते संध्याकाळी."

"म्हणजे कुणीतरी उचलून ठेवतं आणि बरोबर दिवशी बाहेर आणतं. म्हणजे त्या कुणालातरी माहीत आहे. जिन्यात तुमच्याकडे बघून सगळ्यांत जास्त वाकतं कोण?"

गौरीने जरा विचार केला. "दुसऱ्या मजल्यावरच्या मात्सुई-सान."

"त्या संशय म्हणून वाकत नाहीत. माफी मागतायत. तुमच्यावर आळ येतोय हे दिसतंय, आणि म्हाताऱ्याचं नाव सांगता येत नाही."

"मग मी सांगू का सगळ्यांना?"

"तुम्ही काय करावं ते मी कसं सांगणार?" सर म्हणाले. "पोहे झालेत का?"

गौरी बडबडी असली तरी बरी आहे. तिने कुणालाही सांगितलं नाही. पुढच्या वेळी पिशवी दिसली तेव्हा ती मात्सुई-साननी उचलायच्या आधी हिनेच उचलली. जिन्यातलं वाकणं थांबलं आणि दोघींची चांगली मैत्री झाली.

आता किस्सा.

सरांच्या निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांना कांदातल्या एका दुकानाबाहेरच्या खोक्यात एक पुस्तक मिळालं. कव्हर नव्हतं, सुरुवातीची पानं नव्हती, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. आणि शेवटच्या फर्म्याची पानं जोडलेली होती. हे समजावून सांगायला हवं. जुन्या पुस्तकांत मोठा छापील कागद घड्या घालून शिवत. घडीच्या कडा वाचकाने सुरीने कापायच्या, तेव्हा पानं सुटी होत. ह्या पुस्तकात बाकीची पानं कापलेली होती, शेवटची नाहीत.

सरांना तर हर्ष झाला. मला म्हणाले, "म्हणजे नाईक, ही प्रत इतक्या वर्षांत कितीजणांच्या हातून गेली, पण शेवटापर्यंत एकजण पोचला नाही. ह्या प्रतीचा शेवट अजून कुणीही वाचलेला नाही."

गोष्ट अशी. समुद्राकाठच्या गावात एका विधवा बाईचं घर. तिच्याकडे खोली घेऊन राहणारा एक सभ्य गृहस्थ एका सकाळी नाहीसा होतो. त्याचा कोट खुंटीवर असतो. कोट ओला. रात्री पाऊस पडलेला नाही. घरची मोलकरीण मार्था तो कोट खुंटीवरून काढते, चुलीपाशी वाळवते आणि घडी घालून ठेवते. बस. पुढे सगळे सगळ्यांवर संशय घेतात. मार्था चहाचा ट्रे घेऊन आत येते आणि बाहेर जाते.

ह्या पुस्तकाने सरांना धरलं. इतर वेळी शांत असणारा माणूस सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. "वाचलंत? बोलू नका. चेहरा दाखवा." मी चेहरा दाखवायची. "छे. भिंत आहे नुसती," म्हणून जायचे.

गौरीचा संशय विधवेच्या भावावर. ओकादा-सान यांचा डॉक्टरवर. सरांना त्यात रस नव्हता.

"मार्थाला माहीत आहे," ते म्हणायचे. "पहिल्यापासून माहीत आहे. कोट ओला होता आणि तिने विचारलं नाही. एवढं मोठं घर प्रश्न विचारतंय, ती एकटी विचारत नाही. जो विचारत नाही त्याला माहीत असतं."

"तुम्हाला ती आवडते म्हणून," गौरी म्हणाली. "साधी मोलकरीण आहे हो. तिला कामं नाहीत का?"

"लेखिकेने तिला उगाच इतक्या वेळा दारात उभं केलेलं नाही."

"लेखिका कशावरून? नाव कुठे आहे?"

"लेखक असता तर कोट कोणी वाळवला हे त्याने लिहिलं नसतं."

सरांनी ठरवलं होतं की शेवटचा भाग निवृत्तीच्या दिवशी, बँकेतून घरी जाताना, गाडीत वाचायचा. चाळीस-एक वर्षांच्या नोकरीला त्यांनी मागितलेलं बक्षीस तेवढंच. निरोप समारंभाला कोण येणार, घड्याळ देणार की शाल, ह्याची त्यांना काही पडलेली नव्हती.

शेवटचा भाग त्यांनी माझ्याकडे दिला तो पानं तशीच जोडलेली ठेवून. "उघडण्याचा मान पहिल्या वाचकाचा," म्हणाले. मी घरी जेवणाच्या टेबलावर तो भाग ठेवला आणि भाजीच्या सुरीने पानं कापली. सुरी बोथट होती. कडांना दातरे आले. दुसऱ्या दिवशी गौरी म्हणालीही, "शुभाताई, हे काय, उंदराने कुरतडलंय का?"

गौरीने वाचला. ओकादा-सान यांच्याकडे गेला. आणि तिथे हरवला.

ओकादा-सान तो गाडीत वाचत होत्या. वाचण्यात इतक्या गुंगल्या की त्यांचं स्टेशन आलं ते दारं बंद होण्याची धून वाजल्यावर कळलं. पर्स खांद्याला, छत्री हातात, त्यांनी उडी मारली. भाग सीटवर राहिला. वाचून संपवला होता, अगदी त्याच क्षणी.

जपानात हरवलेली वस्तू परत मिळते ह्यावर माझा विश्वास आहे. माझी छत्री परत आली आहे. गौरीच्या मुलाचा एकच हातमोजा कुणीतरी कठड्याच्या टोकावर नीट बसवून ठेवला होता. पण पिना मारलेले पिवळे कागद कुणाला वस्तू वाटले नसावेत. स्टेशनवरच्या माणसाने विचारलं, काय होतं, पुस्तक की कागदपत्रं? ओकादा-सान म्हणाल्या, पुस्तकाचा शेवट. त्याला तो कोणत्या वर्गात नोंदवावा ते कळेना.

त्या रोज संध्याकाळी तिथे जायला लागल्या. मग गाडीच्या शेवटच्या स्टेशनावरही जाऊन आल्या. सरांसमोर मोठ्या दुकानातल्या मिठाईचा डबा ठेवून इतका वेळ वाकून उभ्या राहिल्या की सरही घाबरून उभे राहिले. मला यापुढे साखळीत घेऊ नका, म्हणाल्या. आमच्याबरोबर जेवायला बसणं बंद केलं. पुस्तकाला नाव नव्हतं, त्यामुळे दुसरी प्रत शोधायची तर कशी? मी आधीच्या भागांतली वाक्यं नेटवर टाकून पाहिली. काही हाती लागलं नाही. ओकादा-सान दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. त्यांची स्वतःची निवृत्तीही फार लांब नव्हती, आणि इतक्या वर्षांत त्यांनी ऑफिसची एक पेन्सिलही हरवलेली नव्हती.

एका दुपारी मी पॅन्ट्रीत कप विसळत होते. ओकादा-सान चहा करत होत्या. सर आत आले.

"ओकादा-सान, एक सांगायचंय. फार दिवस सांगू का नको चाललंय." चष्मा काढून त्यांनी स्वेटरला पुसला. "तो शेवट मी आधीच वाचलाय."

ओकादा-सान यांच्या हातात किटली तशीच राहिली.

"आधीच?"

"कापतानाच. राहवलं नाही."

"पण नियम तुमचा होता."

"म्हणून तर लाज वाटत होती. तुम्ही रोज स्टेशनवर चकरा मारताय, आणि इथे मी चोरासारखा..."

ओकादा-सान यांनी किटली खाली ठेवली. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग कडक झाला, आणि मग तोंडावर हात ठेवून त्या हसायला लागल्या. कितीतरी दिवसांनी.

"हे बरं नाही, पळसुले-सान," त्या म्हणाल्या. "हे फार वाईट आहे."

"आहे खरं."

त्यांनी कपाटातला तो मिठाईचा डबा स्वतः उघडला, आतला सगळ्यांत लहान तुकडा शोधून सरांच्या हातावर ठेवला. "शिक्षा."

सरांनी तो खाल्ला. खाताना चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं. मी कप विसळत राहिले. तो कप मी बहुतेक तीनदा विसळला असेन.

गौरीला आता कळलं असेल. ती पानं जोडलेली होती. मी ती कापेपर्यंत जगात कुणालाही ती वाचता येणं शक्य नव्हतं, आणि मी कापल्यानंतर भाग सरांपर्यंत पोचलाच नाही. दातरे आठव, गौरी. दोन कागद शेजारी ठेवले असतेस तर तुलाही घाम फुटला असता.

सरांनी स्वतःचा एकुलता एक नियम मोडल्याची बदनामी पत्करली आणि शेवट मात्र हातचा घालवला. कारण 'वाचलाय' म्हटल्यावर तो आता कुणाला विचारताही येत नव्हता.

रविवारी गौरीने त्यांना सोलून काढलं.

"सर, तुम्ही? तुम्ही! आम्हाला शपथा घालत होतात आणि आत बसून चोरून वाचत होतात?"

"झालं खरं."

"आणि ते 'चेहरा दाखवा, चेहरा दाखवा', ते सगळं नाटक?"

"नाटकच की."

"आता तरी कबूल करा, विधवेचा भाऊ शेवटी..."

"नियम!" सर इतक्या जोरात ओरडले की गौरीच्या मुलाच्या हातातला चमचा पडला.

"नियम म्हणे! मोडलात की तुम्हीच!"

"एकाने मोडला म्हणून सगळ्यांनी मोडायचा नसतो. पोहे वाढा."

त्या दिवसापासून ते 'चोर सर' झाले. वहिनींच्या कानावरही गेलं. दुपारच्या फोनवर त्या म्हणाल्या, "तुम्ही आणि शेवट आधी वाचणार? मला पटत नाही." सर म्हणाले, "दही खाल्लं." आणि फोन ठेवला.

मी व्यवहारी बाई आहे. मला हा सगळा प्रकार वाया घालवल्यासारखा वाटत होता. मला शेवट माहीत होता, सरांना हवा होता, मध्ये अडलं होतं काय? एक दिवस खात्यात दोघंच होतो तेव्हा मी सरळ म्हटलं, "सर, सांगू का?"

"काय?" समोरच्या कागदावरून मान न उचलता ते म्हणाले.

"शेवट."

"मी वाचलाय, नाईक." आणि बिलावरची तारीख बोटाने दाखवली. "ही बघा इथे डिस्क्रेपन्सी आहे. परत पाठवा."

माझ्याशीही नाही. ज्या एकीला खरं माहीत होतं तिच्याशीही ते त्या खोट्यावरून हलले नाहीत. एकदा सही केली की केली, असा माणूस. मी पुन्हा काढलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना घड्याळ मिळालं आणि शालही. संध्याकाळी ते गाडीने घरी गेले. मी त्याच डब्यात होते. एका हाताने कडी धरली होती. दुसरा हात रिकामा होता.

दोन दिवसांनी विमानतळाच्या बसला पोचवायला आम्ही तिघी गेलो. गौरी आणि ओकादा-सान त्यांच्यासाठी वाटेत खायला काही आणायला कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानात शिरल्या. सर आणि मी बॅगांपाशी उभे होतो. बस लांब वळणावर दिसायला लागली होती.

"नाईक," सर म्हणाले. नजर बसकडे. "तुमचं मत काय? मार्थाला माहीत होतं का?"

वाचून झालेला माणूस दुसऱ्या वाचलेल्या माणसाला विचारतो तसं, अगदी सहज विचारलं.

मला शेवटचं पान आठवत होतं. विधवा, भाऊ, डॉक्टर, कोण काय ते सगळं. त्यातलं काही सांगायचं नव्हतं. तसा नियमच होता.

"तिने कोटाबद्दल शेवटपर्यंत विचारलं नाही, सर."

सरांनी श्वास सोडला. बस येऊन थांबली, माणूस बॅगा उचलायला लागला. सरांनी स्वेटर खाली ओढला.

"क्लीन," ते म्हणाले.

एवढ्यात त्या दोघी धावत आल्या. ओकादा-सान यांनी सँडविचची पिशवी दोन्ही हातांनी त्यांना दिली आणि वाकल्या. सरही वाकले. गौरी नाक ओढत होती आणि रागावल्यासारखं करत होती. सर चढले, खिडकीशी बसले. बस हलली तेव्हा ओकादा-सान दोन्ही हात उंच करून हलवत होत्या, पण सरांनी पाहिलं नाही. त्यांनी कोटाच्या खिशातून पिवळ्या कव्हरचा एक भाग काढला होता. नवीन पुस्तकाचा पहिला असावा. चष्मा नाकाच्या टोकावर ढकलून मान खाली घातलेली होती.

"बघा, बघा," गौरी म्हणाली. "आताही सगळ्यांच्या आधी पुढचं वाचत असतील. चोर!"

ओकादा-सान यांनी काय म्हणाली म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी जपानीत सांगितलं. त्या तोंडावर हात ठेवून हसल्या.

मी बॅगांची ट्रॉली जागेवर नेऊन लावली.